सोमवारचं गुरुत्वाकर्षण

माझं व्याख्यान असलं की आधी कुणीतरी उठून माझा परिचय करून देतो. त्यात 'विश्वरचना आणि गुरुत्वाकर्षण या विषयांत आयुष्यभर संशोधन' असं एक वाक्य हमखास असतं. ते ऐकून लोक आदरानं माना हलवतात आणि मी खाली बघतो. लोकांना वाटतं, विनय. विनयाचा आणि माझा फारसा संबंध नाही. मला त्या वेळी एका मागाचा खड्डा दिसत असतो, त्यात झुलणारा पितळी गोळा दिसत असतो आणि शेजारी चिंचोके मोजत बसलेली एक तेलुगू म्हातारी दिसत असते. माझं गुरुत्वाकर्षणावरचं पहिलं संशोधन तिथं झालं, सोलापुरात. सोलापुरात दर सोमवारी मणामागे एक शेर वजन घटतं, असं मी त्यात सिद्ध केलं होतं.

हे परिचयात कुणी सांगत नाही.

गोष्ट तिसाच्या दशकातली. मी नुकताच बी.एस्सी. होऊन सोलापुरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो होतो. शिकवायचो म्हणजे लिटमसचा कागद निळा झाला की जांभळा, यावर पोरांशी हुज्जत घालायचो. मन मात्र वर आकाशात होतं. पुण्याला शिकत असताना एका प्राध्यापकांचं व्याख्यान मी ऐकलं होतं. गृहस्थ मराठी, पण उत्तरेकडच्या एका विद्यापीठात असायचे. सगळ्या दीर्घिका एकमेकींपासून लांब पळताहेत, विश्व फुगत चाललंय, असं त्यांनी फळ्यावर दोन गोल काढून सांगितलं आणि मी त्या दिवसापासून कामातून गेलो. त्यांच्या हाताखाली काम करायचं, दुसरं काही करायचं नाही, असं ठरवून मी त्यांना पत्रांमागून पत्रं टाकली. सातव्या पत्राला एक कार्ड आलं.

'जागा एक आहे, इच्छुक बरेच आहेत. स्वतः तयार केलेल्या लंबकानं आपल्या गावचं गुरुत्वाकर्षण तीन महिने मोजून पाठवा. पायाखालची पृथ्वी ज्याला नीट मोजता येते, त्यालाच मी आकाश मोजायला देतो.'

ते कार्ड मी इतक्या वेळा वाचलं की त्याची घडी फाटली.

लंबकाचं शास्त्र सोपं आहे. एक तार, तिच्या टोकाला जड गोळा. तारेची लांबी मोजायची आणि ठरावीक वेळात गोळा किती झोके घेतो ते मोजायचं. पृथ्वीची ओढ जास्त तर झोके जास्त, ओढ कमी तर झोके कमी. पण तार लांब हवी आणि गोळ्याला वारा लागता कामा नये. मी एका विणकराच्या घरी माडीवर भाड्यानं राहत होतो. घर तेलुगू लोकांचं. खाली दोन खड्डामाग होते. खड्डामाग म्हणजे जमिनीत मांडीभर खड्डा, विणणारा काठावर बसून त्यात पाय सोडतो आणि पायानं माग चालवतो. मागच्या खोलीतला माग घरमालकिणीचा मुलगा चालवायचा. पुढच्या खोलीतला तिच्या सुनेचा होता. पण सून गिरणीत सूत उकलून कांड्या भरायच्या खात्यात कामाला लागली आणि तो खड्डा रिकामा पडला. मी माडीच्या तक्तपोशीला भोक पाडलं, तुळईला तार बांधली आणि गोळा खाली त्या खड्ड्यात सोडला. भोक आधी पाडलं आणि परवानगी नंतर मागितली. संशोधकाला हाच क्रम सोयीचा पडतो.

घरमालकिणीला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, मीही म्हणायचो. ती खाली आली, तिनं गोळ्याकडे बघितलं, वर तारेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, घराला घंटा बांधलाव का काय की?"

मी तिला पृथ्वीची ओढ समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्ये कापड किती विनतंय?"

"कापड नाही विणत, अव्वा."

"मग नुस्तं हालतंय?"

"नुसतंच हलतंय."

"बरं बाबा," अव्वा म्हणाली. "शिकल्याला मानूस हाय."

पण महिन्याभरात तीच माझी मुख्य सहायक झाली. मोजणी सकाळी सात ते अकरा. चार तास झोके मोजत बसणं मला साधेना. शंभरापुढे गेलो की डोक्यात दीर्घिका यायच्या आणि आकडा निसटायचा. एकदा माझी तारांबळ बघून अव्वा खड्ड्याशी येऊन बसली आणि वाती वळता वळता 'ओकटी, रेंडू, मूडू' असं तेलुगूत झोके मोजायला लागली. शंभर झाले की 'वंद' म्हणायचं आणि एक चिंचोका वाटीत टाकायचा. जन्मभर ताण्याचे धागे मोजलेली बाई ती. चार तासांत चौतीस चिंचोके आणि वर साठ झोके, रोज, न चुकता. एखाद-दुसऱ्या झोक्याचा फरक पडायचा, तेवढाच.

आता राहिली वेळ. माझ्याकडे वडिलांचं खिशातलं घड्याळ होतं, पण ते स्वभावानं उतावळं, दिवसाला चार मिनिटं पुढे पळायचं. त्याची गरजही नव्हती. सोलापुरात वेळ घड्याळातून येत नसे, गिरणीच्या भोंग्यातून येत असे. सातचा भोंगा झाला की गिरणीचं फाटक बंद, अकराचा झाला की जेवणाची सुट्टी. त्या भोंग्यावर बायका चूल पेटवायच्या, टांगेवाले घोडे जुंपायचे आणि आमच्या शाळेचा शिपाई स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ लावायचा. भोंगा आणि घड्याळ यांच्यात तफावत पडली तर घड्याळ चुकलं, हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल. तरी मी शास्त्राचा माणूस. दोन शनिवार सकाळी स्टेशनावर जाऊन मी भोंगा तिथल्या घड्याळाशी ताडून पाहिला. दोन्ही वेळा सेकंदाचा फरक नाही. माझी खात्री पटली आणि वहीत मी 'वेळ: अचूक' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघांनी पुढे माझा घात केला.

पहिल्या महिन्याचे आकडे मांडून बघितले तेव्हा मंगळवार ते शनिवार सगळं जिथल्या तिथं होतं. सोमवारी मात्र चौतीस चिंचोके आणि वर नुसते सतरा झोके. एका सोमवारी नव्हे, चारही सोमवारी. मी गणित केलं. पृथ्वीची ओढ सोमवारी चाळिसाव्या हिश्शानं कमी होत होती. मणामागे एक शेर.

मोठा माणूस असता तर त्यानं वेळेच्या हिशेबावर संशय घेतला असता. मी अव्वावर घेतला. तिचा सोमवारचा कडक उपास असायचा. पोटात काही नाही, डोळा लागत असेल, असं मला वाटलं आणि शहाण्यासारखं मी ते बोलूनही दाखवलं.

 अव्वानं वाटीतले चिंचोके माझ्या पुढ्यात ओतले, उठली आणि आत गेली. त्या संध्याकाळी माझा चहा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आतून मला ऐकू येईल एवढ्या आवाजात ती सुनेला म्हणाली, "चाळीस वरीस धागे मोजले मी. येक धागा चुकला न्हाय. आनि ह्यो कालचा मास्तर मला झोपाळू म्हन्तोय!"

पुढच्या सोमवारी पोटदुखीची चिठ्ठी पाठवून मी शाळा बुडवली आणि सातपासून स्वतः मोजायला बसलो. स्वतःला चिमटे काढत, दीर्घिका हाकलून लावून मोजलं. चौतीस आणि सतरा. मी आत जाऊन अव्वाच्या पाया पडलो. ती म्हणाली, "च्या घ्या." एवढ्यावर ते मिटलं.

आता म्हातारी सुटली आणि पृथ्वी सापडली. मग माझ्या डोक्यात जे काही सुरू झालं, ते सांगायला आजही लाज वाटते. सोमवार हा चंद्राचा वार, तेव्हा चंद्राचा काही संबंध असेल का, हा विचार पदवीधर माणसाच्या डोक्यात पूर्ण दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी मला आठवलं की वार माणसांनी ठरवलेत, चंद्राला ते ठाऊक नाहीत. अव्वाला मात्र कोडं पडलंच नव्हतं.

"सोमवार सिद्धेश्वराचा वार. त्या दिशी भार त्यो उचलतोय. लोकास्नी हलकं वाटनारच की."

"अव्वा, हे शास्त्र आहे."

"मग आसू द्या की. आता सांगा, शेर घटतंय म्हन्ता, तर जवारी सोमवारी घ्यावी का सोमवारी इकावी?"

मी तिला सांगितलं की तागडीतलं वजनही तेवढंच हलकं होतं, त्यामुळे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला फरक काहीच पडत नाही.

"मग उपेग काय ह्याचा?" अव्वा म्हणाली आणि वातींकडे वळली. 

खंडेनवमीला आणखी एक गंमत झाली. त्या दिवशी विणकरांच्या घरी माग बंद असतो, हत्यारांची पूजा होते. सकाळी मी खाली उतरलो तर माझ्या गोळ्याला हळदकुंकू लागलेलं, तारेला झेंडूची माळ आणि समोर नारळ. "रोज राबतंय बिचारं," अव्वा म्हणाली, "येक दिस त्याला बी सुट्टी नको?" मी वहीत लिहिलं, 'आज लंबक पूजेला बसला आहे.' वही जशीच्या तशी उतरवून पाठवायची, खाडाखोड करायची नाही, अशी प्राध्यापकांची अट होती, म्हणून तेही वाक्य तसंच गेलं.

तीन महिने भरले. सगळे आकडे आणि वर 'सोलापूर येथील गुरुत्वाकर्षणाची साप्ताहिक घट' असा मथळा देऊन नऊ पानांचा निबंध मी रजिस्टरनं रवाना केला. अंथरुणावर पडून मी परदेशी शास्त्रज्ञांना द्यायची उत्तरं पाठ करत होतो. दोन आठवड्यांनी कार्ड आलं.

'पृथ्वी सोमवारचा उपास करीत नाही. चूक कुठे आहे ती शोधा. तिचं कारण आपल्या मुख्याध्यापकांना दाखवून, त्यांच्या सहीनिशी पाठवा. तुमची बाकीची मोजणी मला पसंत आहे. कारण पटलं तर जागा तुमची.'

जागा तुमची! मी माडीवर एकट्यानं दोन उड्या मारल्या. खालून अव्वा ओरडली, "मास्तर, तार तुटंल!"

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. तार, गोळा, तुळई, खड्डा. शेवटी फक्त त्या दोन रेघा उरल्या. मग लख्ख प्रकाश पडला की मी भोंगा ताडून पाहिला होता तो शनिवारी. एका रविवारी संध्याकाळी स्टेशनावर जाऊन मी घड्याळ लावून घेतलं आणि सोमवारी पहाटे उठून थेट गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. घड्याळ रात्रीतून किती पळतं ते ठाऊक होतं, तेवढं वजा केलं. सात वाजले. भोंगा नाही. सात वाजून एक, दोन. फाटकावरचा पहारेकरी शांतपणे तंबाखू मळत होता. भोंगा झाला नव्हता, म्हणजे त्याच्या दृष्टीनं सात वाजलेच नव्हते. तीन मिनिटं झाली आणि भोंगा वाजला. अकराचा वेळेवर होत असेल, तर सोमवारचे माझे चार तासच तीन मिनिटांनी आखूड होते. मला इतका आनंद झाला की मी पहारेकऱ्याचा हात धरून हलवला. त्याची तंबाखू सांडली.

त्याच्याकडे चौकशी करत मी बॉयलरखान्याशी गेलो. भोंग्याची दोरी ओढायचं काम एका वयस्क मुसलमान गृहस्थांकडे होतं, सगळे त्यांना चाचा म्हणत. बाहेरच्या लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर ते उभे होते. मी त्यांना लंबकाची आणि कार्डाची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि घड्याळ दाखवलं.

"चाचा, आज तीन मिनिटं उशीर झाला."

"हौ," चाचा म्हणाले. "हर सोमवार कू होता."

"का?"

त्यांनी बोटानं सिद्धेश्वराच्या तळ्याकडून येणारा रस्ता दाखवला. "सोमवार कू औरतां देव के दर्शन कू जात्यां. चार बजे उठत्यां, पानी भरत्यां, रोटी करत्यां, फिर देव कू जात्यां, फिर हितं दौडते आत्यां. भोंगा हुआ तो गेट बंद. गेट बंद तो खाडा. आखरी औरत अंदर आयी के मैं दोरी खिचता."

"पण चाचा, देव त्यांचा. तुम्हाला काय त्याचं?"

"देव उनका है. दोरी तो मेरे हात में है ना?"

"आणि मॅनेजरसाहेबानं विचारलं तर?"

"उनों बी घडी भोंगे पे-च लगाते," चाचा म्हणाले. "और पूछे तो बोलूंगा, स्टीम नै चढी."

माझ्या घरमालकिणीची सूनही त्या बायकांत होती. बहुतेक वेळा शेवटची तीच असायची, कारण अव्वाच्या उपासाचं सगळं करून तिला निघावं लागायचं. अव्वानं सांगितलं होतं ते मी हसण्यावारी नेलं होतं. पण सोलापूरचा भार सोमवारी हलका होत होता तो सिद्धेश्वरामुळेच.

परत येताना मी जवळजवळ पळतच होतो. कारण सापडलं, जागा माझी! शाळेत जाऊन मी सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळलो. ते दारातच भेटले. "या, या," ते म्हणाले. "लवकर बोला. आज क्लबात गिरणीच्या मॅनेजरसाहेबांबरोबर पत्त्यांचा डाव आहे. रोजच असतो म्हणा, पण आज ते लवकर येणार आहेत."

मी म्हणालो, "काही नाही सर, नमस्कार करायला आलो होतो." नमस्कार केला आणि वर्गावर गेलो.

तो आठवडा मला अजून आठवतो. दोन ओळी लिहायच्या होत्या. त्या मुख्याध्यापकांनी वाचल्या की संध्याकाळी पत्त्यांच्या डावात गंमत म्हणून निघणार, दुसऱ्या दिवशी दोरी दुसऱ्याच्या हातात जाणार आणि पुढच्या सोमवारी पन्नासेक बायका बंद फाटकाबाहेर उभ्या राहणार. मी चांगला माणूस नव्हतो, आजही फारसा नाही. चाचांचा मला राग आला, बायकांचा आला, सिद्धेश्वराचा तर सगळ्यात जास्त आला. दर्शन मंगळवारी घ्यायला काय झालं होतं? चार वेळा मी खरं कारण लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहिलं, 'सोमवारच्या मोजणीत निरीक्षकाकडून चूक झाली. निरीक्षक मी स्वतः.' मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली आणि मला प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितलं.

प्राध्यापकांचं उत्तर एका ओळीचं आलं. 'जागा भरली आहे.'

मी रडलो. माडीवर भिंतीकडे तोंड करून रडलो, आणि खाली लंबकाशेजारी अव्वा मोठ्यानं वाती वळत बसली. वाती वळण्याचा आवाज होत नाही, पण तिनं तो केला.

चाचांनी एकदा रस्त्यात मला विचारलं, "क्या लिख्या साब?" मी सांगितलं. ते त्यांनी कांडीखात्यात पोचवलं असावं. कारण तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी माझ्या फडताळात देवाच्या नारळाचा तुकडा ठेवलेला असायचा. देवावर माझा विश्वास नव्हता. नारळावर होता.

पुढे दोन वर्षं मी लिटमसशी झगडलो. मग दक्षिणेतल्या एका विद्यापीठात दुसऱ्या एका प्राध्यापकांकडे जागा मिळाली, पहिलीपेक्षा लहान. त्यांनी लंबकाचं काही विचारलं नाही, मीही आपणहून काही सांगितलं नाही. निघायचा दिवस नेमका सोमवार होता. गाडी पावणेसातची. पेटी आणि वळकटी घेऊन मी फलाटावर आलो, तर तिथं अव्वा, सून आणि कांडीखात्यातल्या पन्नासेक बायका. देवाहून त्या तशाच इकडे आल्या होत्या. कुणी अंगारा लावला, कुणी शेंगदाण्याची चटणी दिली. अव्वानं लंबकाचा गोळा फडक्यात बांधून आणला होता. "हितं काय उपेग न्हाय ह्याचा," ती म्हणाली. "तितं हालू द्या."

गाडी उशिरा सुटणार होती. मी घड्याळ बघितलं. ते तिथल्याच घड्याळाशी नुकतंच ताडलेलं होतं. सात वाजून गेले होते.

"अहो, निघा आता!" मी सुनेला म्हणालो. "फाटक बंद होईल. सगळ्यांचा खाडा पडेल!"

ती दोन वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलली. "न्हाय पडत. चाचा हाईत की."

मग कुठे त्या निघाल्या आणि थोड्या वेळानं गाडीही हलली. रूळ गिरणीच्या मागून जातात. खिडकीतून मला रस्ता दिसत होता, त्यावरून सगळ्या बायका लुगडी सावरत पळत होत्या, सून नेहमीप्रमाणे सगळ्यात मागे. लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर एक माणूस उभा होता. सबंध सोलापूर त्या वेळी सात वाजायची वाट बघत थांबलं होतं. शिपाई स्टुलावर, टांगेवाले घोड्यांशी, मॅनेजरसाहेब घड्याळ हातात धरून. शेवटचं लुगडं फाटकातून आत गेलं आणि भोंगा वाजला. माझ्या घड्याळात सात वाजून चौदा मिनिटं झाली होती.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि तशात मी खिशातून वही काढून गणित करायला बसलो. चौदा मिनिटं म्हणजे मणामागे साडेचार शेर. एवढी घट सोलापुरात आधी कधी नोंदली गेली नव्हती. ती तारखेपुढे लिहिली. शेवटचा रकाना कारणाचा होता. त्यात मी प्राध्यापकांना कळवलं होतं तेच पुन्हा लिहिलं: कारण, निरीक्षक स्वतः. या वेळी ते खरं होतं.